सेलरीचे देठ पेन्सिलीएवढे आणि कडू, आत्ता कापू की थांबू?

कुंडीतली सकाळ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच सेलरी लावलीये आणि आता पुरती अडकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे बिघडलं ते मलाच कळत नाहीये. एकूण सहा रोपं आहेत, चार बियांपासून केलेली आणि दोन विकतच्या जुडीचा बुडखा पाण्यात ठेवून फुटवलेली. सगळी बारा इंची कुंड्यांमध्ये, एका कुंडीत एक. बी पेरून साडेचार महिने झाले, कुंडीत लावून दोन महिने होऊन गेले. उंची फूटभर आलीये, पाला भरपूर, हिरवागार, पण देठ मात्र पेन्सिलीएवढेच. काल बाहेरचा एक मोडून चावला तर इतका कडू की थुंकावा लागला आणि दातात दोरे अडकले ते वेगळेच.

पाणी एक दिवसाआड घालते, माती वरून सुकली की मगच, कारण जास्त पाण्याने मुळं कुजतात असं ऐकलं होतं. लावताना कंपोस्ट घातलं होतं, त्यानंतर खत काहीच नाही. ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण.

अजून एक, त्यातल्या एका रोपाची अगदी मधली कोवळी पानं काळी पडलीयेत, टोकं जळल्यासारखी. हा रोग असेल तर बाकीच्यांना लागेल का? आणि मुख्य प्रश्न असा की आत्ता कापून टाकू की देठ जाड होतील म्हणून वाट बघू, आणि कापायचं तर अख्खं उपटायचं की बाहेरून एकेक देठ काढायचा? बी उगवायलाच तीन आठवडे लागले होते हो, फार जीव लावलाय या रोपांना, त्यामुळे वाचवण्यासारखं काही असेल तर प्लीज सांगा.

---

ओली माती

ताई, उपटू नका, थांबा. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "माती वरून सुकली की मगच पाणी". बऱ्याच झाडांना हेच बरोबर आहे, पण सेलरीला नाही. हे मुळात दलदलीतलं झाड आहे, रानातली सेलरी आजही ओलसर चरांच्या कडेला आणि समुद्राजवळच्या पाणथळ जागांमध्ये वाढते. मुळं खोल जात नाहीत, वरच्या वीतभर मातीतच पसरतात, आणि तुम्ही नेमका तोच थर सुकू देताय. म्हणजे खाली कुंडीत ओल आहे पण झाडाला तिचा उपयोग नाही असं चाललंय.

आपण जो खातो तो देठ म्हणजे खोड नव्हे, पानाचा देठ आहे, आणि त्यात जवळपास ९५ टक्के पाणी असतं. आता पाणीच अडूनअडून मिळालं तर तो भरणार कशाने? दोरे तर प्रत्येक देठात असतातच, पाठीवरच्या ज्या उभ्या रेघा दिसतात ना त्यांच्या खाली ते असतात आणि एवढा मोठा पाला त्यांच्याच जोरावर उभा राहतो. झाडाला पोटभर पाणी असलं की दोऱ्यांच्या मधला रसाळ भाग फुगतो आणि दोरे जाणवत नाहीत, तहानलेलं राहिलं की मग दातात येतात ते फक्त दोरेच.

मुळं कुजण्याची भीती मलाही सुरुवातीला होती. पण कुंडीला खाली भोकं असतील आणि माती भुसभुशीत असेल तर रोजच्या पाण्याने काही होत नाही, मुळं कुजतात ती निचरा नसलेल्या, घट्ट, हवा न खेळणाऱ्या चिखलात. तुम्ही असं करा, रोज सकाळी बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, गार आणि ओलं लागलं तर ठीक, कोरडं लागलं तर लगेच पाणी, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आणि वर दोन बोटं जाडीचा वाळक्या पानांचा थर द्या, फक्त मधल्या गाभ्यावर पानं येऊ देऊ नका, तिथे ओल साचली की कुजायला सुरुवात होते.

---

दुपारची सावली

पाण्याबद्दल वर लिहिलंय ते अगदी पटलं, मी उन्हाबद्दल सांगतो. सेलरी साधारण १५ ते २१ अंशांत खुशीत वाढते. २५ च्या वर सतत राहिलं की वाढ मंदावते, चव उग्र होते, कडवटपणा येतो. त्यामुळे दिवसभर कडक ऊन असेल तर सकाळचं चार-पाच तासांचं घ्या आणि दुपारी सावली, भिंतीची, मोठ्या झाडाची नाहीतर शेडनेटची. कुंड्या आहेत म्हणजे हलवता येतात हा तुमचा मोठा फायदा. शिवाय उन्हात कुंडीची बाजू तापते आणि कडेची मुळं भाजतात, म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर त्याही एकमेकींना सावली देतात.

आणि खत. एकदा घातलेलं कंपोस्ट दोन महिने पुरणारं हे झाड नाही, खूप खादाड आहे. दर दोन आठवड्यांनी पातळ केलेलं लिक्विड खत द्या, नत्र जास्त असलेलं, आणि देताना माती आधी ओली पाहिजे, कोरड्या मातीत खत ओतू नका.

---

हिरवा गाभा

ते मधलं काळं पडणं मी सांगते, कारण माझी एका हंगामात अकरा रोपं त्यात गेली होती आणि तेव्हा मी रोग समजून फवारण्या करत बसले होते. पानांवर ठिपके नाहीत, बाहेरचे देठ चांगले, आणि फक्त गाभ्यातली कोवळी पानं टोकाकडून काळी, असं असेल तर बहुतेक तो रोग नाही, कॅल्शियमची कमतरता आहे. इंग्रजीत त्याला ब्लॅकहार्ट म्हणतात. आणि गंमत म्हणजे मातीत कॅल्शियम असूनही हे होतं. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या ओढीने वर चढतं, बाहेरच्या मोठ्या पानांतून पाणी जास्त उडतं म्हणून सगळं तिकडे खेचलं जातं, गाभ्यातली मिटलेली पानं पाणी फारसं उडवत नाहीत त्यामुळे त्यांच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात एक दिवस कोरडं एक दिवस ओलं असं झालं की तेवढंही पोचत नाही. आणि एकदा जुन्या पानात गेलेलं कॅल्शियम परत फिरून नवीन पानात येत नाही.

म्हणजे इलाज परत पाण्यापाशीच येतो. हे लागण होऊन पसरत नाही, पण बाकीच्या रोपांनाही तेच पाणी आणि तेच ऊन मिळतंय, त्यामुळे त्यांनाही होऊ शकतं. काळा भाग मऊ, चिकट झाला असेल किंवा वास येत असेल तर मात्र कूज शिरलीये असं समजा आणि ते रोप बाजूला काढा.

---

कुंडीतली सकाळ

वा, इतक्या पटकन इतकी माहिती, मनापासून आभार. आत्ता जाऊन बोट घालून बघितलं, वर पूर्ण कोरडं, दोन पेरं खाली गेल्यावर ओल लागली. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. गाभा दाबून बघितला, कोरडा आहे, वास नाही.

हिरवा गाभा ताई, मग मी अंड्याची टरफलं कुटून घालू का मातीत? कॅल्शियमसाठी खूप जण घालतात.

---

हिरवा गाभा

घाला, नुकसान काही नाही, पण या रोपाला त्याचा उपयोग होणार नाही गं. टरफलं मातीत विरायला खूप काळ लागतो, भरड असतील तर वर्षभरानेही तशीच सापडतात. आणि तुझ्याकडे कॅल्शियम नाहीये असं नाही, ते पोचत नाहीये. आधी पंधरा दिवस पाणी सारखं ठेव आणि बघ, नवीन येणारी पानं स्वच्छ आली की समज जमलं. काळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती कात्रीने काढून टाक. खताचा डोसही एकदम वाढवू नकोस, नत्र भसकन दिलं की पाला भराभर वाढतो आणि गाभ्याला अजूनच कमी पडतं, म्हणून थोडं थोडं.

---

वाफ्यातला मी

एक वेगळा मुद्दा. कडवटपणासाठी देठ झाकून बघितले का? म्हणजे काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी देठांभोवती कागद किंवा पुठ्ठा गुंडाळायचा, पानं वर मोकळी ठेवायची. उजेड मिळाला नाही की देठात हरितद्रव्य कमी होतं, ते फिकट पडतात, चव सौम्य होते. पूर्वी चर खणून त्यात लावायचे आणि रोप वाढेल तशी मातीची भर देत जायचे. मी पुठ्ठाच वापरतो, कारण भर दिली की माती देठांच्या बेचक्यात जाते आणि धुताना जीव जातो. सुतळीने सैलसर बांधायचं, आवळायचं नाही, आत हवा खेळली पाहिजे.

---

ओली माती

दादा, तुमची पद्धत बरोबर आहे पण या रोपांना आत्ता नको असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचे देठ आधीच बारीक आहेत, झाकून बारीक फिकट देठ मिळतील एवढंच. आधी भरू देत. आणि तहानेमुळे आलेला कडूपणा पुठ्ठ्याने पूर्ण जात नाही, मी करून बघितलंय. शिवाय सेल्फ-ब्लांचिंग, म्हणजे देठ आपोआप फिकट येणाऱ्या, जाती असतात त्यांना झाकावं लागत नाही, हिरव्या जाती तर हिरव्याच खायच्या असतात. मी स्वतः झाकणं सोडून दिलंय, मला हिरव्या देठाची ती थोडी तिखटसर चव आवडते, आणि झाकल्याने जीवनसत्त्वंही कमी होतात.

---

वाफ्यातला मी

हो, आधी भरू देत हे मान्य. झाकायचं ते देठ अंगठ्याएवढा झाल्यावरच. पण ज्यांना उग्र चव सोसत नाही, घरात लहान मुलं आहेत, त्यांनी एकदा तरी झाकून बघावं, फरक खूप पडतो. जमिनीत लावणाऱ्यांसाठी अजून एक, रोपं ओळीत न लावता चौकोनात जवळजवळ लावा, २० ते २५ सेंटिमीटरवर, म्हणजे तीच एकमेकांवर सावली धरतात आणि मधल्या रोपांचे देठ आपोआप फिकट येतात.

---

कात्री आणि टोपली

काढणीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ताई, अख्खं रोप तयार व्हायची वाट बघायची गरजच नाही. देठ वीतभर लांब झाला की बाहेरचे काढायला सुरुवात करता येते. नेहमी बाहेरून आत, कारण नवीन पानं मधून येतात, बाहेरचे सगळ्यात जुने. एका वेळी एका रोपाचे दोन-तीन, त्याहून जास्त नको, सात-आठ तरी मागे राहिलेच पाहिजेत नाहीतर झाड बसतं.

काढायचा कसा ते नीट बघा. देठ अगदी बुडाशी, जिथे तो रुंद होऊन बुडख्याला कवटाळतो ना, तिथे धरायचा आणि बाहेरच्या बाजूला, जरा खाली, असा झटका द्यायचा. पाणी प्यालेलं झाड असेल तर स्वच्छ "कट्" असा आवाज येऊन सुटतो आणि बुडाशी पाणी सुटलेलं दिसतं. तहानलेला असेल तर मोडत नाही, वाकतो, आणि ओढला तर बुडख्याची साल सोबत घेऊन येतो, अशा वेळी ओढू नका, पातळ सुरीने बुडाशी कापा. वर खुंट ठेवू नका, तो कुजतो आणि कूज आत जाते. मी तर आवाजावरूनच ठरवते की आज काढायचं की आज पाणी घालून उद्या.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी, आणि आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी. दुपारी काढलेला देठ तासाभरात मान टाकतो.

अख्खी जुडी हवी असेल तर लावणीपासून ८५ ते १२० दिवस धरा, जातीप्रमाणे. मातीलगत आडवं कापायचं आणि मुळं तशीच ठेवून पाणी चालू ठेवायचं, बुडख्यातून परत फुटतं. ते देठ बारीक असतात पण सूपमध्ये, भाजीत घालायला छान. उशीर मात्र करू नका, जास्त जुने झालेले देठ आतून पोकळ आणि कापसासारखे होतात, ते मग कशानेच सुधारत नाहीत.

फ्रिजमध्ये प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये सैल गुंडाळा, दोन-तीन आठवडे कडक राहते. मऊ पडलीच तर बुडं कापून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात उभी करा. आणि पानं टाकू नका कुणी! देठापेक्षा पानांत वास जास्त असतो, वाळवून ठेवली की महिनोन्महिने चालतात.

---

दुपारची सावली

कात्री ताई, एक महत्त्वाची गोष्ट यात जोडतो, कृपया सगळ्यांनी वाचा. काढणी करताना रस हातावर लागला आणि तसंच उन्हात काम केलं तर काही जणांच्या कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात, फोडही येतात. माझ्या मनगटावर आले होते, लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यामुळे कशाने झालं तेच कळत नव्हतं. डाग जायला दोन महिने लागले. सेलरीच्या रसात सोरालेन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना ऊन पडलं की असं होतं, आणि कूज लागलेल्या रोपात ती खूप वाढतात. म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि काम झालं की लगेच साबणाने हात धुणं. खराब रोपं उपटताना तर नक्कीच. ज्यांना सेलरीची ॲलर्जी आहे त्यांनी तर लांबच राहावं, ती गंभीर असू शकते.

---

नवा अंकुर

खूप छान चर्चा चाललीये. मला अजून सुरुवातच करायची आहे. दोनदा बी पेरलं, एकही उगवलं नाही. अर्धा सेंटिमीटर खोल पेरलं होतं आणि रोज पाणी मारत होतो. आणि बुडख्यापासून केलेलं जास्त चांगलं की बियांपासून?

---

ओली माती

खोल पेरलं तिथेच चुकलं बघ. सेलरीचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये २,००० च्या वर मावतात, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मिश्रणावर नुसतं पसरायचं, बोटाने हलकं दाबायचं, माती वर घालायची नाही. एक रात्र पाण्यात भिजवून घेतलंस तर अजून बरं. झारीने पाणी घातलंस की बी वाहून एका कोपऱ्यात जातं, म्हणून फवारणीच्या बाटलीनेच, किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून पाणी चढू द्यायचं. वर पारदर्शक झाकण, कोंब दिसले की काढायचं. २१ ते २४ अंशांत दोन ते तीन आठवडे लागतात, आणि फार गरम जागेत, ३० च्या वर, बी झोपूनच राहतं. धीर सोडू नकोस, सतराव्या दिवशीसुद्धा कोंब आलेले बघितलेत मी.

रोपं १० ते १५ सेंटिमीटरची झाली की लावणी, त्याला पेरणीपासून आठ ते दहा आठवडे लागतात. आणि कोवळी रोपं थंडीत उघडी टाकू नकोस. हे झाड दोन वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी पाला आणि दुसऱ्या वर्षी फूल. लहानपणी दहा-बारा दिवस १० अंशांखाली काढले तर त्याला वाटतं हिवाळा होऊन गेला, मग थोडं ऊबदार होताच मधून फुलाचा दांडा निघतो आणि देठ कडू आणि चिवट होतात.

बुडख्याचं म्हणशील तर मजा म्हणून जरूर कर, मुलांना दाखवायला तर सुंदर आहे, वाटीत बोटभर पाण्यात ठेवायचा, पाणी रोज बदलायचं, आठवड्याभरात मधून पिवळसर पालवी निघते, खाली मुळं दिसली की मातीत. पण त्याच्यापासून विकतसारखी जाड जुडी सहसा मिळत नाही, पाला आणि बारीक देठ मिळतात.

---

कुंडीतली सकाळ

सहा आठवड्यांनी परत आलेय. कुंड्या भिंतीच्या आडोशाला नेल्या, दुपारनंतर सावली. रोज सकाळी बोट घालून पाणी, बहुतेक दिवशी घालावंच लागतं. वर वाळकी पानं, दर पंधरा दिवसांनी पातळ लिक्विड खत. टरफलं घातली नाहीत.

बियांची चारही रोपं आता ओळखू येत नाहीत इतकी बदललीत. जुने बाहेरचे देठ होते तसेच राहिले, ते जाड झाले नाहीत, ते काढून सूपात टाकले. पण मधून नंतर जे आले ते बोटाएवढे जाड आणि रुंद, पाठीवर रेघा कमी उठून दिसतात. काळं पडलेल्या रोपात आता सात नवीन पानं स्वच्छ आहेत. बुडख्यावाल्या दोनपैकी एकाने फुलाचा दांडा काढला, ते पानांसाठी ठेवलंय, दुसरं नुसतंच पाल्याने भरलंय.

काल संध्याकाळी पाणी घातलं, आज सकाळी पूर्ण बाह्या घालून बसले, एक देठ बुडाशी धरला, बाहेर-खाली झटका दिला आणि कट् झालं. बुडाशी खरंच पाणी सुटलं होतं. थोडासा तिखट आहे अजून पण कडू नाही, दोरे एक-दोनच आले. चार देठ काढले, दोन रोपांतून. एका रोपाला पुठ्ठा बांधून बघणार आहे आता, वाफ्यातला मी दादा, सुतळी किती उंचीवर बांधता तुम्ही?

---

वाफ्यातला मी

वा वा, फार बरं वाटलं वाचून! दोन जागी बांधा, एक मातीपासून चार बोटांवर आणि एक पानं फुटतात त्याच्या थोडं खाली. बांधायच्या आधी बाहेरचे पिवळे, मोडके देठ काढून टाका आणि आत गोगलगाय नाहीना ते बघा, तिला ती अंधारी ओली जागा फार आवडते. आठवड्यातून एकदा सोडून आत डोकावा. पाणी घालताना पुठ्ठ्याच्या बाहेरून, मातीवर, वरून गाभ्यात नको.